मेक्सिकन खाणावळींत आमची पंगत

परदेशीं मुलाकडे गेलेल्या गृहस्थास गांवाकडील स्नेही पत्रांतून पहिला प्रश्न विचारतात तो हवेचा नव्हे कीं पगाराचाहि नव्हे. "तिकडे जेवणाचें कसें काय करतां?" हाच तो प्रश्न होय. घरीं सूनबाई वरणभात शिजवितात, एवढें उत्तर त्यास पुरत नाहीं. कारण इकडील आयुष्याचा मोठा भाग घराबाहेर जातो. सुटीचा दिवस आला कीं मुलेंबाळें मोटारींत बसवून कोठें तरी जावें आणि दुपारीं कोठें तरी बसून जेवावें, असा येथील परिपाठ आहे. अशा वेळीं घरांतील वडील माणसांनीं काय करावें, हा प्रश्न आज महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांपुढें असेल. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे शहरीं चिरंजिवांकडे आमचा मुक्काम पांच महिने होत आला. एवढ्या काळांत ज्या एका ठिकाणीं हा प्रश्न सुटण्याजोगा आम्हांस वाटला, त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

आमच्याबरोबर आमची थोरली बहीणहि आली आहे. तिला सर्व घर आक्का म्हणतें. वय पंचाहत्तर, नेम कडक, परंतु तोंडांत तक्रार कधीं नाहीं. मांस, मासे व अंडें वर्ज्य, हें तर आम्हां सर्वांसच लागू. पण जें अन्न कशांत शिजलें तें ठाऊक नाहीं, तें आक्का घेतच नाहीं. त्यामुळें पहिले सात-आठ रविवार असे गेले कीं, आज इटालियन तर उद्यां चिनी अशा निरनिराळ्या ठिकाणीं आम्ही सर्वांनीं जेवावें आणि आक्कानें त्याच टेबलाशीं बसून पिशवींतलें केळें सोलावें. ती हंसतमुखानें बसे. परंतु आमचा आठ वर्षांचा नातू एके दिवशीं हातांतला कांटा खालीं ठेवून म्हणाला, "आक्काआजी जेवत नाहीं, तर मीहि नाहीं." त्या दिवसापासून बाहेरचें जेवण हा घरांत वादाचा विषय झाला. सूनबाई म्हणाल्या, बाहेर जाणेंच सोडूं. चिरंजीव म्हणाले, आक्कानें थोडें सैल व्हावें. आक्का म्हणाली, "मला घरीं ठेवा आणि तुम्ही जा." यांपैकीं कोणताहि मार्ग धरला तरी पंगत मोडतच होती.

शेवटीं आम्ही एका मेक्सिकन खाणावळींत जाऊं लागलों. मेक्सिकनच कां, असें कोणी विचारील. सॅन होझे हें गांव १७७७ सालीं स्पॅनिश लोकांनीं वसविलें, आणि सर्व कॅलिफोर्निया प्रांत १८४८ सालच्या तहापर्यंत मेक्सिको देशांत मोडत होता. तेव्हां या शहरांत मेक्सिकन माणूस हा कालचा पाहुणा नव्हे. शहराच्या पूर्वभागांत तर त्यांचीं भोजनगृहें गल्लोगल्लीं आहेत. आम्ही जातों तें बिऱ्हाडापासून पायीं पंधरा मिनिटांवर, कपडे धुण्याच्या एका दुकानाशेजारीं आहे. दहाबारा टेबलें, पिवळ्या भिंती, कोपऱ्यांत ग्वादालूपेच्या मातेची तसबीर व तिच्यापुढें विजेचा लहानसा दिवा, असा एकंदर थाट आहे. स्वयंपाकघर अर्धें उघडें असल्यामुळें तवा बसल्या जागेवरून दिसतो. मालक ओआहाका प्रांतांतला असून त्याची वृद्ध आई अजून स्वतः तव्यापाशीं उभी असते.

बसल्याबरोबर, काय हवें तें कोणी विचारण्यापूर्वींच, मक्याच्या तळलेल्या तुकड्यांची टोपली आणि चटणीच्या दोन वाट्या समोर येतात. आमच्या सौभाग्यवतीनें पहिल्या दिवशीं चिरंजिवांस हळूच सांगितलें, "हें आपण मागितलें नव्हतें, परत न्यावयास सांग." परंतु याचे पैसे येथें घेत नाहींत, आपल्याकडे पाहुण्यास गूळपाणी द्यावें तसा हा प्रकार आहे. त्यांतील लाल चटणी आम्हांस विशेष आवडली. टोमॅटो, कांदा, लसूण व मिरची हीं तव्यावर काळसर होईपर्यंत भाजून तीन पायांच्या दगडी खलांत ठेचतात व वर कोथिंबीर घालतात. आपल्या खानदेशांतल्या किंवा कोल्हापुराकडच्या माणसास हिची निराळी ओळख करून द्यावयास नको. मात्र सर्व मिरच्या सारख्या नव्हेत. चिरंजिवांचे एक कोल्हापूरचे मित्र एकदां आमच्याबरोबर होते. "तुमच्याकडे असेल तें सर्वांत तिखट आणा," असें त्यांनीं मोठ्या ऐटींत फर्माविलें. वाढणाऱ्या मुलानें दोनदां विचारून पाहिलें आणि मग नारिंगी रंगाच्या हाबानेरो मिरचीची चटणी आणून ठेविली. त्यानंतर दहा मिनिटें ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहींत.

या भोजनाचा खरा जीव मक्याची भाकरी हा होय. तिला तोर्तिया म्हणतात. तिचें पीठ आपल्यासारखें कोरडें दळीत नाहींत. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यांत उकळून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळीं धुऊन सालें काढतात, आणि ते ओले दाणे वाटून त्या लगद्याची भाकरी करतात. पूर्वीं हें वाटण पायांच्या दगडी पाट्यावर वरवंट्यानें होत असे; तो पाटा व तो वरवंटा आक्कानें भिंतीवरच्या चित्रांत पाहिला आणि "हा तर आपलाच" असें म्हटलें. चुना म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतीच्या कपाळास आठी पडली. तिच्या मतें चुन्याची जागा पानाच्या डब्यांत. परंतु हा चुना किती मोलाचा आहे याची साक्ष इतिहास देतो. मका अमेरिकेंतून युरोपांत गेला, पण चुन्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाहीं. मक्यांत जें एक जीवनसत्त्व असतें तें चुन्यावांचून शरीरास मिळत नाहीं. त्यामुळें उत्तर इटलींत, स्पेनांत आणि पुढें अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत ज्या गरिबांचा आहार जवळजवळ केवळ मका होता, त्यांस पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग जडला. अंगाची कातडी सोलवटे, मन भ्रमे आणि अखेर माणूस दगावे. जोसेफ गोल्डबर्गर या वैद्यानें १९१४ पासून खटपट करून हा रोग सांथीचा नसून आहाराचा आहे असें दाखविलें, आणि ती उणीव कोणत्या द्रव्याची तें १९३७ मध्यें निश्चित झालें. मेक्सिकोंतील बाया मात्र हजारों वर्षें चुना घालीत आल्या, आणि त्यांच्या मुलांस तो रोग ठाऊक नव्हता. शास्त्र मागाहून येतें आणि चूल पुढें गेलेली असते, याचें इतकें चांगलें उदाहरण आमच्या शिक्षकीच्या काळांत ठाऊक असतें तर वर्गांत आम्हीं तें पुष्कळदां सांगितलें असतें.

तव्यावर ती भाकरी आपल्या फुलक्यासारखी फुगते. म्हातारी ती बोटांनींच उलटते. चिमटा नाहीं कीं उलथणें नाहीं. हें पाहूनच आक्काचें मन प्रथम वळलें असावें.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. चरकांत किंवा सुश्रुतांत मिरचीचें नांव शोधूं गेल्यास सांपडावयाचें नाहीं. तेथें तिखटपणा सुंठ, मिरें व पिंपळी यांचा. मिरची हें नांवसुद्धां मरिचावरूनच आलेलें. मिरची, टोमॅटो, मका, बटाटा, रताळें, भुईमूग, पेरू, पपई, सीताफळ, चिकू, अननस, काजू, लाल भोपळा, राजमा, आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीज लोक समुद्रमार्गें आल्यानंतर तीं आपल्याकडे रुजलीं. आपल्या एकादशीच्या ताटाकडे पाहा. साबुदाण्याची खिचडी, तींत बटाटा, दाण्याचें कूट व हिरवी मिरची, शेजारीं रताळ्याचा कीस. जें फराळाचें म्हणून आपण निःशंकपणें खातों, त्यांतलें तूप, जिरें व मीठ वगळलें तर बाकीचें बहुतेक सर्व त्या दूरच्या खंडांतून आलेलें आहे. म्हणून मेक्सिकन ताट पुढें आलें असतां आपल्या जिभेस परकेपणा वाटत नाहीं, यांत नवल नाहीं.

येथवर सर्व गोड झालें. आतां अडचणीची बाजू.

मेक्सिकन खाणावळींत घेवड्याचें एक घोटलेलें कालवण सर्वत्र मिळतें. पिठल्यासारखें दाट, मऊ आणि चवदार. शाकाहारी मनुष्य प्रथम त्याकडेच वळतो. या शहरांतील शेंकडों हिंदी कुटुंबें तें आनंदानें खातात. परंतु तें कालवण जुन्या रीतीनें केलेलें असल्यास डुकराच्या चरबींत परतलेलें असतें. त्या चरबीला ते मान्तेका म्हणतात. तांबड्या भातांत पाण्याऐवजीं पुष्कळदां कोंबडीचें सार असतें. गव्हाच्या पोळींतहि कोठें कोठें चरबीचें मोहन असतें. आणि "मांस नको" असें सांगितल्यानें हें टळत नाहीं. कारण त्या भाषेंतील जो शब्द आपण मांस म्हणून वापरतों, त्यानें पुष्कळांस केवळ गाईडुकराच्या मांसाचा तुकडा समजतो. कोंबडी त्यांत येत नाहीं, मासा येत नाहीं, आणि चरबी तर नाहींच नाहीं.

हें आम्हांस कळलें तें आक्कामुळें. पहिल्याच दिवशीं तिनें चिरंजिवांस सांगितलें, "त्याला विचार, घेवडा कशांत परतला?" चिरंजीव संकोचले. असें विचारणें म्हणजे यजमानाचा अविश्वास करणें, असें त्यांचें म्हणणें. त्या दिवशीं आमच्याबरोबर एक महाराष्ट्रीय कुटुंब होतें. तें दहा वर्षें अशा ठिकाणीं जात आलेलें. त्या गृहस्थांनींहि हंसून सांगितलें, "काकू, यादींत शाकाहारी म्हणून लिहिलें आहे, आपण कशाला खोलांत जावें?" आक्कानें पुन्हा तोच प्रश्न केला. वाढणारा मुलगा आंत गेला आणि परत येऊन सरळ सांगता झाला, "मान्तेका आहे." पुढचा प्रसंग फार अवघड झाला. त्या बाईंनीं ताट दूर सारलें, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यांच्या यजमानांनीं उठून मालकास चार शब्द सुनावले कीं, ही फसवणूक आहे. मालक शांतपणें म्हणाला, "महाराज, दहा वर्षांत आपण एकदांहि विचारलें नाहीं. आज या आजींनीं विचारलें, आणि आम्हीं सांगितलें."

या प्रसंगावर आमच्या घरांत दोन दिवस चर्चा चालली. आमचें मत आम्ही स्पष्ट लिहितों. यादींत शाकाहारी असें छापावयाचें तर चरबी घालूं नये, एवढा दोष मालकाकडे येतो, आणि तो त्यानें मान्य केला. परंतु फसवणूक हा शब्द आम्हांस पटत नाहीं. त्याच्या आईला चरबी ही आपल्या फोडणीच्या तेलासारखी. तिचा निराळा उच्चार करावा असें तिच्या मनांतहि येत नाहीं. आपल्या बाजारच्या हिंगांत गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें; ज्याला गहूं सोसत नाहीं असा पाहुणा आला तर वरण वाढतांना आपण त्याला तें सांगतों काय? ज्याचा नेम त्यानें विचारावें, आणि ज्याचें अन्न त्यानें खरें सांगावें, ही वांटणी आम्हांस योग्य वाटते.

चिरंजिवांनीं मग दुसरा मुद्दा काढला. परदेशांत असतां थोडी सवलत शास्त्रानेंच दिली आहे, असें त्यांनीं कोठें तरी वाचलें होतें. त्यावर आम्हीं त्यांस छांदोग्य उपनिषदांतील उषस्ति चाक्रायणाची कथा सांगितली. कुरुदेशांत गारांनीं पिकें बुडालीं असतां हा विद्वान भुकेनें व्याकूळ होऊन फिरत होता. एक माहूत घुगऱ्या खात होता. त्याच्याजवळ दुसरें कांहीं नव्हतें, म्हणून त्याच्या ताटांतल्या उष्ट्या घुगऱ्याच उषस्तीनें मागून खाल्ल्या. माहूत पाणी देऊं लागला, तें मात्र त्यानें उष्टें म्हणून नाकारलें. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय, असें माहुतानें विचारलें, तेव्हां त्यानें उत्तर केलें कीं, त्या खाल्ल्या नसत्या तर मी वांचलों नसतों. पाणी मला हवें तेथें मिळेल. सवलत आहे ती एवढीच. ज्या शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर दहीं, फळें व तांदूळ मिळतात, तेथें आपत्काल कोठला? चिरंजीव हंसले; पण पुढच्या खेपेस प्रश्न त्यांनीं स्वतः विचारला.

ती पुढची खेप आम्हीं गुरुवारीं संध्याकाळीं केली. यास कारण आहे. शनिवार-रविवारीं तेथें गुरांच्या आंतड्यांचें एक कालवण होतें, त्याचा वास आमच्यासारख्यांस सोसवत नाहीं. आणि गर्दींत कोणाला शांतपणें उत्तर द्यावयास सवड नसते. गुरुवारीं सहा वाजतां चारच टेबलें भरलेलीं होतीं. मालकानें आपल्या आईला बाहेर बोलाविलें. तिला इंग्रजी येत नाहीं, आक्काला स्पॅनिश येत नाहीं. म्हातारीनें आक्काचा हात धरला आणि तिला सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत नेलें. तेथें एका मोठ्या मातीच्या भांड्यांत काळा घेवडा नुसता कांदा, मीठ व एका उग्र वासाच्या पाल्याबरोबर शिजत होता. चरबींत परतण्यापूर्वींचा हा घेवडा. म्हातारीनें चरबीचा डबा दाखवून "नाहीं" अशी मान हालविली, तेलाची बाटली दाखवून "हो" अशी हालविली. भाकरीचा तवा दाखविला, आणि मांस भाजण्याची लोखंडी पाटी त्याहून निराळी आहे हें बोटानें खूण करून दाखविलें. भाकरींत काय? मका, चुना, पाणी. तीनच बोटें वर झालीं.

आक्का परत येऊन बसली आणि "वाढा" म्हणाली. तिच्या पानावर दोन गरम भाकऱ्या, भांड्यांतला घेवडा, आव्होकाडो या फळाचा लिंबू-मीठ घालून केलेला लगदा, मुळ्याच्या चकत्या व लाल चटणी एवढें आलें. ती सावकाश जेवली. नातवानें तिच्याइतक्याच भाकऱ्या खावयाच्या असा हट्ट धरला आणि त्या पुऱ्या केल्या. आमच्या सौभाग्यवतीनें निवडुंगाची भाजी मागवून पाहिली. फड्या निवडुंगाचीं कोंवळीं पानें कांटे काढून चिरतात व परततात. भेंडीसारखी किंचित् बुळबुळीत, पण चव आंबूस व चांगली. आपल्याकडे शेताच्या बांधावर उभा असलेला हा निवडुंगहि मूळचा तिकडलाच, हें तिला तेव्हां कळलें.

मेक्सिकन स्वयंपाकांतली चरबी फार पुरातन नव्हे, हेंहि येथें नमूद करावें. कोर्तेस १५१९ मध्यें आला व १५२१ मध्यें तेथील राजधानी पडली. त्यापूर्वीं त्या देशांत डुक्कर नव्हतें, गाय नव्हती, म्हणून चरबी, दूध, चीज यांपैकीं कांहींच नव्हतें, आणि तळणेंहि फारसें नव्हतें. ते लोक शाकाहारी होते असें मात्र कोणी समजूं नये. टर्की पक्षी, मासे, कित्येक प्रकारचे किडे हें सर्व त्यांच्या आहारांत होतें. पण मका, घेवडा, भोपळा व मिरची या चौकडीवर गरिबांचें पोट चाले, आणि चरबीवांचून चाले. म्हातारीनें आक्कासाठीं घेवडा तसाच वाढला, त्यांत तिनें स्वतःची रीत मोडली असें नव्हे. आपल्या पणजीच्याहि पलीकडली रीत ती त्या दिवशीं चालवीत होती.

त्यानंतर गुरुवार हा आमचा वारच ठरला, आणि ओळखीबरोबर एकेक गंमत उलगडत गेली. पिण्यासाठीं तेथें रंगीत पाण्याच्या मोठ्या बरण्या भरलेल्या असतात. एक तांबडें पाणी लाल अंबाडीच्या फुलांच्या पाकळीदार बोंडांचें, एक पांढरें पाणी भिजवून वाटलेल्या तांदुळांत दालचिनी घालून केलेलें, आणि एक तपकिरी पाणी चक्क चिंचेचें. चिंचेला ते तामारिंदो म्हणतात. अरबी भाषेंतील त्या मूळ नांवाचा अर्थ हिंदुस्थानचा खजूर. १५६५ पासून १८१५ पर्यंत फिलिपाइन्समधील मनिला व मेक्सिकोचें आकापुल्को बंदर यांमध्यें स्पॅनिश गलबतांची वर्षानुवर्ष ये-जा होती, आणि आशियांतलीं कित्येक फळें व जिन्नस त्या वाटेनें तिकडे गेले. अजून तिकडे आंब्याच्या एका आवडत्या जातीस मनिलाच म्हणतात. देणेंघेणें दोन्ही बाजूंनीं झालें आहे.

परंतु आक्काला खरा अचंबा वाटला तो पैशाच्या गल्ल्यापाशीं. तेथें कागदांत गुंडाळलेल्या चौकोनी वड्या ठेवलेल्या होत्या. तिनें एक उचलून उजेडांत धरली आणि म्हणाली, "अरे, ही राजगिऱ्याची वडी!" होतीहि तीच. राजगिऱ्याच्या लाह्या, मध किंवा गुळासारखी काळी साखर, वर चार दाणे. तिचें तिकडील नांव आलेग्रिया, म्हणजे आनंद. ज्या राजगिऱ्याच्या लाह्या आपण उपासाला खातों, त्या धान्याची जन्मभूमि वनस्पतिशास्त्रज्ञ मेक्सिको ही मानतात. तेथील आझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ति करून पूजीत व नंतर प्रसाद म्हणून वांटून खात. स्पॅनिश धर्मोपदेशकांस तें रुचलें नाहीं, आणि त्या पिकाला उतरती कळा लागली. आपल्याकडे तेंच धान्य देवाच्या निमित्तानें घरोघर टिकून राहिलें. ही हकीकत चिरंजिवांनीं मालकास सांगितली, तेव्हां त्यानें त्या दिवशींच्या वडीचे पैसे घेतले नाहींत. पुढच्या गुरुवारीं आक्कानें घरीं केलेल्या राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा म्हातारीच्या हातीं दिला. तिनें एक खाऊन पाहिला, आणि वेलदोड्याचा वास ओळखतां न आल्यामुळें पुन्हा पुन्हा हुंगून पाहिला.

हिंदी माणूस आणि मेक्सिकन तवा यांची गांठ या प्रांतांत नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं पंजाबांतून आलेल्या शेतकऱ्यांस १९१७ च्या कायद्यानें आपल्या बायका इकडे आणतां येईनात. त्यांपैकीं शेंकडोंनीं येथील मेक्सिकन स्त्रियांशीं संसार थाटले. बहुतेक शीख असूनहि लोक त्यांस सरसकट हिंदूच म्हणत. यूबा सिटी गांवीं अशाच एका कुटुंबाची एल रांचेरो नांवाची खाणावळ १९५४ पासून १९९३ पर्यंत चालली. पंजाबी रोटींत मेक्सिकन सारण घातलेला तेथील पदार्थ त्या भागांत प्रसिद्ध होता.

आणि महाराष्ट्राचा धागा तर याहून थोर आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचें नांव आपल्यापैकीं कित्येकांस गदर चळवळीमुळें ठाऊक असेल. हे क्रांतिकारक १९२४ सालीं मेक्सिकोंत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेंत अध्यापक झाले. मक्याच्या व गव्हाच्या सुधारलेल्या जातींवर त्यांनीं तेथें काम केलें, आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत कृषिशाळा चालविल्या. प्रख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्याशीं त्यांची मैत्री होती. मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतीवर रिव्हेरांनीं काढलेल्या एका भित्तिचित्रांत टेबलाच्या अग्रभागीं बसून भाकर मोडणारा जो पुरुष आहे तो खानखोजेच, असें सांगतात. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरास परतले व १९६७ सालीं वारले. २०२२ च्या सप्टेंबरांत चापिंगो येथें त्यांच्या पुतळ्याचें अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्तें झालें. आम्हीं ही माहिती मालकास सांगितली, तेव्हां त्यानें पुतळ्याचें चित्र पाहावयास मागितलें, तें आईला दाखविलें, आणि दोघांचें बराच वेळ कांहीं बोलणें झालें. त्याचा सारांश त्यानें आम्हांस इंग्रजींत सांगितला तो असा: "आई म्हणते, मका शिकवावयास आलेला मनुष्य आमच्या भाकरीला नांव ठेवून गेला नसेल."

ज्यांस इकडे येण्याचा योग येईल त्यांच्यासाठीं दोनचार गोष्टी लिहून ठेवतों. शाकाहारी हा शब्द पुरेसा नाहीं. चरबी, कोंबडीचें सार आणि अंडें हीं तिन्ही नांवें घेऊन निरनिराळीं विचारावींत. भरलेल्या ढोबळ मिरच्यांसारखा एक सुंदर पदार्थ येतो, त्याच्या वरच्या आवरणांत अंडें असतें. केळीच्या किंवा मक्याच्या पानांत वाफविलेली तामाल आपल्या पानग्यासारखी दिसते, पण तिच्या पिठांत बहुधा चरबी मळलेली असते. मक्याची भाकरी घ्यावी, गव्हाची विचारल्यावांचून घेऊं नये. ताट दोन माणसांपुरतें असतें. उरलें तर घरीं न्यावयास डबी मागावी, त्यांत कमीपणा नाहीं. वाढणाऱ्यास शेंकडा पंधरा ते वीस बक्षिसी द्यावी लागते. आमच्या सौभाग्यवतीस ती फार वाटते. परंतु दर खेपेस चारदां आंत जाऊन उत्तर आणणाऱ्या मुलाचे ते श्रम आहेत, असें आम्ही समजतों. त्या दिवशीं रागावून गेलेले स्नेही मात्र अजून तेथें येत नाहींत. मालकानें यादींतील तो शब्द बदलला व तेलांतला घेवडा निराळा ठेवूं लागला, हें त्यांस आम्हीं दोनदां कळविलें आहे.

एक गोष्ट अजून अनिर्णित आहे, ती चीजची. तें दूध कशानें गोठविलें, वासराच्या पोटांतील रसानें कीं दुसऱ्या कशानें, हें पिशवीवर छापलेलें नाहीं. नुसतें एन्झाइम्स एवढाच शब्द आहे. मालकानें घाऊक व्यापाऱ्यास पत्र घालून विचारलें आहे. उत्तर येईपर्यंत आक्काच्या पानावर चीज वाढीत नाहींत, आणि नातवानेंहि, त्याला तें फार आवडत असतां, आपल्या वांट्याचें चीज बापाच्या ताटांत सरकविण्याचा क्रम ठेविला आहे.